गाठोडं एक हात लांब

तुमच्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचे हात या घटकेला काय करत आहेत?

घाईने उत्तर देऊ नका. त्यांचं जेवण झालं का, औषध दिलं का, अंगावर शाल आहे का, हे मी विचारत नाही. हातांचं विचारतो आहे. ते हात काही धरून आहेत, की मांडीवर नुसते ठेवलेले आहेत? तुम्हाला सांगता येत नसेल, तर हे लक्षण चांगलं नाही. आठ वर्षांपूर्वी मलाही सांगता आलं नसतं. त्या अज्ञानाचा भुर्दंड मला पडला नाही. तो दुसऱ्याच कुणाला पडला.

अमरावतीत पुन्हा कापसाचे दिवस आले आहेत. सकाळी शाळेत शिकवायला निघालो की बडनेऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली दिसते. सरकी काढणाऱ्या जिनाचा भोंगा होतो, सरकीचा तेलकट वास गल्लीत शिरतो, आणि कापसाचे बारीक पुंजके सगळीकडे तरंगत राहतात. चहाच्या कपात, फळ्याच्या चौकटीवर, पोरांच्या केसांत. लोकांना हे दिवस आवडतात. बाजारात हसणं ऐकू येतं, लग्नं ठरतात. मी मात्र तो तरंगणारा पुंजका दिसला की जागीच थांबतो. तो कुठे जाऊन बसेल, याकडे मी पाहत राहतो.

गेल्या शनिवारी अकोल्याला घरी गेलो होतो. माझे वडील वकील आहेत. दसऱ्याच्या सुमारास त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. वाचा परत आली, पाय सावरला, उजवा हात मात्र सुस्त राहिला. घरात पाय ठेवला तेव्हा आई त्यांना वरणभात भरवत होती. धाकटा भाऊ पाण्याचा पेला घेऊन उभा होता. सगळं प्रेमाने चाललं होतं. मी जवळ बसलो आणि बाबांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. चादरीची कड त्यांच्या अंगठ्यात आणि बोटात होती. बोटं ती कड सावकाश पुढे सरकवत होती. थांबत होती. पुन्हा सरकवत होती.

"झोपेतही असंच करतात," आई म्हणाली. "चाळा लागला आहे."

ती बोटं मी याआधी पाहिली होती, याच घरात, याच मोसमात.

तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आमच्या घरासमोर एक छापखाना होता. तिथले रद्द झालेले छापील ताव मला मिळत, आणि मिळाले की मी ते पाठ करीत असे. परदेशी कापड, अस्पृश्यता, बालविवाह, विधवांचे हाल, सगळं मला दोन-दोन पैशांच्या चोपड्यांनी शिकवलं. त्या चोपड्यांनी मला चांगलं तेच शिकवलं, आजही तसंच म्हणेन. पण त्यांतलं प्रत्येक वाक्य कुणाबद्दल तरी होतं, कुणाला विचारून लिहिलेलं नव्हतं. हा फरक मला उशिरा कळला.

काशीआत्या म्हणजे बाबांची आत्या. आम्ही सगळेच तिला आत्या म्हणायचो. पोरवयात विधवा होऊन ती माहेरी परतली आणि पन्नासएक वर्षं आमच्या वावरात राबली. गाव अकोल्यापासून बैलगाडीने एका दिवसाचं. जमीन काळी, चांगली. आत्या कापूस वेचायची. दोन हातांनी वेचायची, दोन्ही हात वेगवेगळ्या बोंडांवर, आणि कापसात पानाचा एक कण येत नसे. कमरेला बांधलेल्या लुगड्याची ओटी फुगत जायची, आणि ती बारीकशी बाई हळूहळू जाडजूड दिसू लागायची. त्यावर बाया तिची मस्करी करीत. "आत्याबाई, कितवा महिना हाये?" म्हणत. ती म्हणायची, "जुळे हायेत वो. संध्याकाळी मोकळी होतो."

आमच्या घरात हळदीकुंकवाला आत्याला कुणी पुढे येऊ देत नसे. लग्नाच्या मांडवात ती मागच्या दाराशी बसे. पण पहिल्या वेचणीच्या दिवशी, वावरात दहीभात शिंपडून झाला की बायांची रांग उभी राहायची आणि सगळ्या तिच्याकडे पाहायच्या. पहिलं बोंड आत्याने तोडल्याशिवाय कुणी पऱ्हाटीला हात लावत नसे. घरातल्या बायकांना तिचा हात अशुभ वाटे, वावरातल्या बायांना तोच हात लाभाचा वाटे. वर्षातून एक दिवस ती सगळ्यांच्या पुढे उभी असायची. मी हे लहानपणापासून पाहिलं होतं आणि ते मला कधी दिसलंच नव्हतं.

मला दिसत होतं ते एवढंच, की सत्तरीच्या पुढची एक विधवा उन्हात मजुरांबरोबर वाकून काम करते आहे, आणि तिचा भाचा अकोल्यात काळा कोट घालून फिरतो आहे. नवरात्रात मी बाबांना चार पानी पत्र लिहिलं. एकाच घरात राहून पत्र लिहिलं, यावरून तेव्हाची माझी तऱ्हा ओळखा. त्यात मी लिहिलं की हिला आपण बैलासारखं जुंपलं आहे, आता तरी जू उतरवा. बाबांनी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. वकिलाच्या घरातली बाई वावरात दिसते, याची त्यांना आतून लाजही वाटत असे. माझ्या तत्त्वाने त्यांच्या लाजेला चांगले कपडे घालून दिले.

आम्ही बैलांची दमणी घेऊन गावी गेलो. वेचणी चार दिवसांवर आली होती.

"काहून येऊ मी?" आत्या म्हणाली. "माही पात कोन धरन?"

"आत्या, तू लय केलं," बाबा म्हणाले. "आता बसून खा."

"बसून त कुत्रं बी खाते."

मी पुढे झालो. "आत्या, तू बैल नाहीस," मी म्हणालो. पत्रातलं वाक्य होतं ते.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हसली. "बैलाले बी पोळ्याचा एकच दिवस सुट्टी असते, बाप्पा. माहा पोळा केवढा लंबा हाये, ते सांगजो."

सगळे हसले. मीही हसलो. तिने मात्र प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. दमणी निघाली तेव्हा बाया बांधावर उभ्या होत्या. त्यांच्यातली भागूबाई, जी तीस वर्षं वेचणीत आत्याच्या शेजारची पात, म्हणजे ओळ, धरत आली होती, ती गाडीमागे थोडी चालत आली आणि मग थांबली. त्या वर्षी पहिलं बोंड कुणी तोडलं, हे मी कधी विचारलं नाही.

अकोल्याच्या घरात आम्ही आत्याला फुलासारखं ठेवलं. तिने झाडू घेतला की आई धावत यायची. ती तांदूळ निवडायला बसली की सूप हातातून जायचं. दिवाळीच्या वाती वळते म्हणाली, तर त्या माझ्या बहिणीने, ताईने, आधीच वळून डब्यात भरल्या होत्या. "असू द्या आत्या", "राहू द्या आत्या", "तुम्ही बसा आत्या". दिवसातून शंभर वेळा हे शब्द घरात ऐकू येत, आणि प्रत्येक वेळी ते शब्द कानावर आले की मला अभिमान वाटे.

कार्तिकात तिच्या टाचा मऊ झाल्या. पन्नास वर्षांच्या भेगा बुजल्या. आईने शेजारणीला बोलावून दाखवल्या. "बघा, कशा लोण्यासारख्या झाल्या." आत्या आपले पाय पदराखाली ओढून घेत होती. आम्ही ते सुख समजलो.

मग ती आज कोणता वार म्हणून विचारेनाशी झाली. मग जेवण अर्धं राहू लागलं. मग अंगणात जाताना भिंत धरू लागली, आणि एका सकाळी नुसती बसल्या जागेवरून उठताना पडली. हाड मोडलं नव्हतं. डॉक्टर आले. वय झालं, पूर्ण विश्रांती द्या, म्हणाले. आता तिला विश्रांतीपासून वाचवणारं कुणीच उरलं नाही. अंगणाकडच्या खोलीत गादी घातली. तिथून ती उठली नाही. ताईला ती आईच्या नावाने हाक मारू लागली, मला बाबांच्या.

आणि मग बोटं सुरू झाली.

आधी गोधडीच्या शिवणीवर. मग गादीच्या कोपऱ्यावर. चिमूट, ओढ, चिमूट, ओढ. दोन्ही हात, वेगवेगळ्या जागी. डोळे छताकडे. गादीचं कापड फाटलं, आतला कापूस निघू लागला, आणि तिच्या कुशीशी पुंजक्यांचा लहानसा ढीग साठू लागला. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी दारातूनच पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "आता चाळवायला लागल्या," त्या म्हणाल्या. "हे जायचं लक्षण. मी माझ्या सासऱ्यांचं पाहिलं आहे."

घरात आवाज हळू झाले. गंगेच्या पाण्याची बाटली देवघरातून काढून खिडकीत ठेवली. धामणगावला, अमरावतीला पोस्टकार्डं गेली. नातेवाईक आले, चार दिवस राहिले. पाचव्या दिवशी धामणगावचे चुलतकाका बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "काहून बोलावलं आमाले? म्हातारी त आमच्याकडे पाहून राहिली." परतीची गाडी पकडायची होती त्यांना.

गादी संपत चालली होती. तेव्हा आईने जुन्या धोतराच्या मऊ पट्ट्या फाडल्या आणि आत्याचे हात गुंडाळून बांधले. मनगटापासून बोटांपर्यंत, दोन पांढरी गाठोडी. आई रडत होती. पट्टीचं दुसरं टोक मी धरलं होतं.

बांधलेल्या हातांची हालचाल तीन दिवस चालू राहिली. कापडाच्या आत काहीतरी वळवळत राहायचं. मी अभ्यासाला दुसऱ्या खोलीत बसू लागलो.

चौथ्या दिवशी भागूबाई आली. कापसाच्या गाडीवर बसून बाजाराला आली होती, आत्या मरायला टेकली हे तिला गावात कळलं होतं. आमच्या घरात ती उंबऱ्यापर्यंतच येत असे. अस्पृश्यतेवरच्या चोपड्या माझ्या टेबलावर होत्या, आणि ती उंबऱ्याबाहेर उभी होती, आणि मी तिला आत ये म्हणालो नाही. बाहेरूनच तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हात काहून बांधले?"

बाबांनी सांगितलं. लक्षण, गादी, काकूंचे सासरे, सगळं.

"वकीलसायब," भागूबाई म्हणाली, "थे मरून नाई राहिली. येचून राहिली."

तिने बांधलेल्या हातांकडे बोट केलं.

"पाहा ना. दोन हात, दोन बोंडं. मी तीस वर्सं पाहून राहिली थे हात. तुमी तिले वावरातून आनलं, वावर कोठं जाते तिच्यातून?"

तिने कुणाची परवानगी घेतली नाही. उंबरा ओलांडून आत आली आणि पट्ट्या सोडल्या. मग आपल्या ओटीत बांधून आणलेला कापूस, सरकीसकट, आत्याच्या मांडीवर ओतला. आत्याची बोटं थबकली. मग एका बोटाला सरकी लागली. तिने ती चिमटीत धरली, कापूस बाजूला ओढला, सरकी वेगळी केली, आणि ती ठेवायला जागा शोधू लागली. भागूबाईने ओंजळ पुढे केली. सरकी तिच्या तळहातात पडली. मग दुसरी.

"हे पोकय हाये," आत्या म्हणाली. तिसरी सरकी तिने फेकून दिली होती. महिन्याभरात तिने बोललेलं ते पहिलं सरळ वाक्य होतं.

भागूबाईने जाताना मला अंगणात उभं केलं. माझ्या पत्राबद्दल तिला कुणी सांगितलं होतं की काय, कोण जाणे. "बियान्याची सरकी काढाची हाये आमाले," ती म्हणाली. "खोटं काम नोको देऊ तिले, थे वयखते. रोज कापसाचं गाठोडं ठेवजो. पन आज जेथं ठेवलं, उद्या त्याच्याहून एक हात लंब. हाती नोको देऊ. तिचं तिले घेऊ दे. अन् चुकली, सांडलं, त तुह्या हातानं नीट नोको करू. समजलं काय, बाप्पा?"

एवढंच तिचं शास्त्र होतं. त्या दिवसापासून गाठोडं माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी उशाशी. मग पायथ्याशी, म्हणजे तिला उठून बसावं लागे. मग गादीच्या कडेला, म्हणजे पाय खाली सोडावे लागत. मग भिंतीशी. एकदा ती मध्येच थांबली, हात लांब केलेला, आणि माझ्याकडे पाहिलं. माझे पाय आपोआप पुढे झाले. "उभा राह्य," ती म्हणाली. मी उभा राहिलो. ती सरकत गेली, पोचली, आणि गाठोड्यावर हात ठेवून दम खात बसली. त्या दिवशी तिने सगळी भाकर खाल्ली. दर बाजाराला भागूबाई यायची, निवडलेली सरकी न्यायची, पोकळ निघालेले दाणे आत्याच्या तोंडावर मोजून तिची फजिती करायची, आणि आत्या तिला शिव्या द्यायची. संक्रांतीला आत्या भिंत धरून ओसरीपर्यंत आली. ताईला ताईच्या नावाने हाक मारली. पायांत पूर्वीचं बळ नव्हतं, ते हरवलेले आठवडे परत मिळाले नाहीत. पण ती म्हणत होती, फरदडीच्या, शेवटच्या वेचणीला मले वावरात न्याजो, बसल्या बसल्या दोन झाडं वेचीन.

इथे थांबता आलं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता.

माघात ताईला पाहायला पाहुणे येणार होते, अमरावतीचे, मोठ्या घरचे. ओसरीवर कापूस उडालेला असायचा. बाबा म्हणाले, चार दिवस जरा आवरून घेऊ. बाबांनी आज्ञा केली नाही, फक्त म्हणाले. गाठोडं मी उचललं.

"कायले नेतं रे?" आत्याने विचारलं.

"पाहुणे येऊन राहिले, आत्या. चारच दिवस."

"बरं," ती म्हणाली.

पाहुणे आले, गेले. बोलणी लांबली, पुन्हा आले. गाठोडं माळ्यावर होतं. त्या दिवसांत भागूबाईच्या घरी आजारपण होतं, ती आली नाही. माझी परीक्षा तोंडावर होती. मला वाटलं, आत्या मागेल. तिने मागितलं नाही. पन्नास वर्षं दुसऱ्याच्या घरात राहिलेली बाई काम मागत नसते. काम काढून घेतलं, म्हणजे आपली गरज सरली, एवढा हिशोब तिला पाठ होता. बाराव्या दिवशी मी गाठोडं खाली आणलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. हो, मांडीवर. घाबरलो होतो. तिने त्यावर हात ठेवला. बोटं हलली नाहीत. गोधडीवरही नाहीत.

ती गेली तेव्हा वावरात पऱ्हाट्या उपटत होते.

आता मला कुणी विचारेल, की म्हाताऱ्यांना मरेपर्यंत राबवावं, असं तुझं म्हणणं आहे का? नाही. पोटासाठी उन्हात वाकावं लागणाऱ्या म्हाताऱ्या बाया याच वऱ्हाडात गावोगाव आहेत, आणि त्यांच्या पाठीवरचं ओझं उतरलं पाहिजे, हे मी आजही जाहीर सभेत सांगतो. भागूबाई स्वतः अजून वेचते, आणि तिला नको असताना वेचते. पण ओझं आणि काम यांत फरक आहे, आणि तो ज्याचे हात आहेत त्यालाच विचारावा लागतो. मी चार पानं लिहिली. एक ओळ विचारली नाही.

म्हणून गेल्या शनिवारी बाबांची बोटं पाहून मी गप्प राहिलो, कारण मला घाई करायची नव्हती. रविवारी सकाळी मी सरकीचा विचार करून पाहिला आणि सोडून दिला. कापूस आत्याचा होता. बाबांनी उभ्या जन्मात बोंड तोडलं नाही. मी पुन्हा चादरीच्या कडेकडे पाहत बसलो. अंगठा सरकतो, थांबतो, सरकतो. मग कळलं. ते पानं उलटत होते.

मी त्यांच्या कपाटातला एक जुना दावा काढला. कागद सुटे झाले होते. दाभण, दोरा आणि कागदांचा गठ्ठा घेऊन बसलो. आई दारात आली. "डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. तिच्या मागे भाऊ होता. दोघांच्या चेहऱ्यावर तेच प्रेम होतं, जे आठ वर्षांपूर्वी आम्हा सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"आई," मी म्हणालो, "धोतराच्या पट्ट्या आठवतात?"

ती भिंतीला टेकून उभी राहिली. पुढे आली नाही, अडवलंही नाही.

"बाबा, या दाव्याचे कागद उलटसुलट झाले आहेत," मी म्हणालो. "मला क्रम लावता येत नाही." हे खरं होतं. मी गठ्ठा त्यांच्या उजव्या हाताला ठेवला, हातात दिला नाही. एक वीत दूर.

त्यांनी कागदांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "कोनत्या गाढवानं लावले हे?" ते म्हणाले. शब्द जड येत होता. चादर सुटली. हात पलंगावरून सरकू लागला, फार सावकाश, आणि अर्ध्या वाटेत थांबला. आईचं पाऊल पुढे पडलं, तिचं तिनेच मागे घेतलं. आम्ही तिघे उभे होतो. बाहेर जिनाचा भोंगा झाला.

माझी गाडी निघायच्या वेळेपर्यंत पहिला कागद त्यांच्या हातात आला नव्हता. भाऊ लिहितो, गुरुवारी आला. क्रम चुकला होता, त्यांनी स्वतः पुन्हा काढून लावला. उरलेलं मला ठाऊक नाही. पाहुणे या घरात पुन्हा येतील, आवराआवर पुन्हा होईल, आणि मी अमरावतीत असेन.

एक मागणं आहे. हा लेख खाली ठेवा आणि तुमच्या घरातल्या त्या माणसाजवळ जाऊन बसा. बोलू नका, आधी हात पाहा. मग विचारा, तुमच्याकडून आम्ही कोणतं काम काढून घेतलं? ते आजच परत द्या, हाताला लागेल एवढं जवळ आणि हात लांब करावा लागेल एवढं दूर. सांडलं तर सांडू द्या. आणि उद्या घर आवरताना ते गाठोडं उचलायला कुणी वाकलं, तर त्याचा हात धरा.